घरी रेकॉर्ड केलेलं गाणं आणि गिटार अभिप्रायासाठी पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी गाणारे आणि गिटार वाजवणारे मला घरी केलेली रेकॉर्डिंगं पाठवतात. मी ती ऐकते, कुठल्या सेकंदाला काय झालं ते टिपते आणि उत्तर लिहिते. गाण्यांबरोबर प्रश्नही येतात, आणि तेच ते पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. पहिल्यांदाच पाठवत असाल तर वरून वाचत या. घाई असेल तर निदान प्रश्न ८ तरी वाचाच.

१. गाणं अजून नीट बसलेलं नाही. आत्ताच पाठवू की पक्कं झाल्यावर?

आत्ताच. अट एकच: सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता म्हणता-वाजवता यायला हवं. अडखळलात तरी पुढे जा. गाणं पक्कं होतं तेव्हा त्यातल्या चुकाही पक्क्या होतात. शब्द मध्येच तोडून श्वास घेण्याची सवय पहिल्या आठवड्यात कुणी दाखवली तर चार दिवसांत सुटते. दोन महिने तसंच म्हटलं की गळ्याला तीच जागा श्वासाची वाटायला लागते.

शब्द मात्र पाठ हवेत. कागदात बघून म्हणताना मान खाली जाते, आवाज दबतो, आणि माझ्यापर्यंत वाचन पोचतं, गाणं पोचत नाही.

२. रेकॉर्डिंगमधला आवाज माझा वाटतच नाही. फोन खराब आहे का?

फोन ठीक आहे. गाताना आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो: हवेतून कानात, आणि कवटीच्या हाडांमधून थेट आतल्या कानात. हाडांची वाट खालचे सूर जास्त पोचवते, त्यामुळे स्वतःला आपला आवाज भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतली वाट उरते. बाकी सगळ्यांना तुमचा आवाज पहिल्यापासून असाच ऐकू येतो आणि त्यांना तो आवडत आलेला असतो.

दहा-बारा रेकॉर्डिंगं ऐकली की परकेपणा ओसरतो. तोवर एक सांभाळा: आवाज पातळ वाटला म्हणून घसा आवळून तो जाड करू नका. तसं गायलेलं लगेच कळतं, कारण वरच्या सुराला गळा अडतो.

३. माइक घ्यावा लागेल का? फोन पुरतो का?

अभिप्रायासाठी फोन पुरतो. सूर, लय, श्वास, शब्दोच्चार, कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) बदलताना होणारा उशीर हे सगळं साध्या फोनवर स्वच्छ ऐकू येतं. अडचण येते ती अ‍ॅपमुळे. बोलणं टिपण्यासाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये बहुधा गोंगाट कमी करण्याची सोय चालू असते. लांबत जाणारा स्थिर आवाज म्हणजे पंखा किंवा मोटर, असं ती धरून चालते. आणि छेडून सोडलेली कॉर्ड नेमकी तशीच असते. मग कॉर्डची शेपटी गिळली जाते, किंवा गाताना गिटार मागे जाते आणि तुम्ही थांबलात की एकदम उसळते. अशा वेळी वादकाच्या हाताला दोष देण्यात अर्थ नसतो.

म्हणून ही सोय बंद करता येईल असं, आणि शक्यतो वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) करणारं अ‍ॅप वापरा. फोनचं कव्हर माइकच्या भोकावर येत नाही ना ते पाहा. आणि ज्या टेबलाला तुमचा ताल धरणारा पाय लागतो, त्यावर फोन ठेवू नका. प्रत्येक ठोका टेबलातून थेट माइकमध्ये शिरतो.

४. गिटारच ऐकू येते, गाणं मागे पडतं. फोन कुठे ठेवू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. समोरच्या टेबलावर ठेवलेला फोन गिटारपासून ३५ सेंटिमीटरवर आणि तोंडापासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर गाणं तिथेच हरलं. नंतर व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी दोन्ही एकत्रच वाढणार. तोल साधतो तो जागेने. फोन उचलून हनुवटीच्या उंचीला आणा, तोंडापासून तीन वितींवर, माइकची कड थोडी वर तोंडाकडे. पुस्तकांची चळत चालेल, पण तिच्यावर घडी केलेला टॉवेल ठेवा. फोन तोंडाच्या अगदी समोर नको, किंचित बाजूला हवा. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि समोर माइक असेल तर धप्प असा आवाज येतो. तळहात तोंडासमोर धरून एकदा 'फ' आणि एकदा 'ल' म्हणून बघा, फरक कातडीला कळेल.

दुसरी गोष्ट गिटारच्या भोकाची. गिटारच्या पोटातली हवा स्वतःच्या एका ठरावीक सुराला घुमते आणि मोठ्या अकूस्टिक गिटारमध्ये तो सूर बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास असतो. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर तिसरा फ्रेट (दांडीवरची आडवी पट्टी) दाबला की येणारा जी हा सूर आहे ९८ हर्ट्झचा. त्यामुळे फोन भोकासमोर असला की बाकी कॉर्ड ठीक वाजतात आणि जी आली की खोली भरून ढम्म होतं. फोनचा रोख बाराव्या फ्रेटकडे, म्हणजे दांडी जिथे पोटाला मिळते त्याच्या आसपास ठेवा.

पहिल्या दिवशी अर्धा तास यातच घालवा. एकच कडवं वेगवेगळ्या जागांवरून वीस-वीस सेकंद रेकॉर्ड करा आणि प्रत्येकाच्या आधी 'एक वीत डावीकडे', 'जरा वर' असं तोंडाने सांगा. जागा सापडली की तिथे चिकटपट्टीची खूण करून ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे (प्रश्न १८).

५. खोली घुमते. बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं तर आवाज छान येतो, मग तिथेच करू का?

नको. तो गोडवा भिंतींचा असतो. आधीचा सूर हवेत रेंगाळतो, पुढचा त्यात मिसळतो आणि कणसूर, म्हणजे किंचित हललेला सूर, झाकला जातो. तुम्हाला जे ऐकून घ्यायचं आहे तेच नाहीसं होतं.

ज्या खोलीत गादी, पांघरुणं, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आहे ती चांगली. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून थरथरता झणत्कार आला तर आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये खेळतो आहे. तिरके बसा, एका भिंतीला रजई टांगा. पंखा बंद करा. गाण्याआधी दहा सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड होऊ द्या. मागची घरघर पुढे काढायची वेळ आली तर सॉफ्टवेअरला तो नमुना लागतो.

६. वरच्या सुराला रेकॉर्डिंग फाटतं. नंतर दुरुस्त होईल का?

नीट होत नाही. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल हे छत आहे. आवाज त्याला टेकला की लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि कापलेला भाग फाइलमध्ये उरतच नाही. त्यामुळे आधी गाण्यातली सर्वांत जोरकस ओळ म्हणून बघा आणि तेव्हा पातळी दाखवणारा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावा. फोनमध्ये पातळी लावता येत नसेल तर एक पाऊल मागे सरका. हळू रेकॉर्ड झालेलं मी वाढवून ऐकू शकते.

७. फाइल कोणत्या स्वरूपात पाठवू?

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची एकेरी (मोनो) वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे ५ एमबी होते, स्टिरिओ सुमारे १० एमबी. जड वाटत असेल तर १९२ केबीपीएसची एमपी३ करा, ती मिनिटाला दीड एमबीच्या आत बसते आणि अभिप्रायाला पुरते. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा. व्हॉइस नोट बोलण्यासाठी असते. ती आवाज दाबून लहान करते आणि त्यात गिटारच्या वरच्या तारांची चकाकी जाते.

फाइलचं नावही बदला. काही फोन रेकॉर्डिंगला जागेचंच नाव देतात, आणि आपण कुठे राहतो हे गाण्याबरोबर जायला नको.

८. रेकॉर्डिंगसोबत काय लिहू?

'कसं वाटलं सांगा' एवढंच लिहिलंत तर 'छान' असं उत्तर येईल. त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. साडेतीन मिनिटांत शेकडो गोष्टी घडतात. त्यातल्या कशाकडे कान द्यायचा हे तुम्ही सांगितलं नाहीत तर तो शिष्टाचाराकडे वळतो. रेकॉर्डिंग थोडं खराब असलं तरी चालेल, प्रश्न नेमका हवा. मला आलेल्या सर्वांत उपयोगी चिठ्ठ्या साधारण अशा असतात (कॅपो म्हणजे दांडीवर लावायचा, सगळ्या तारा दाबणारा चिमटा; आकार म्हणजे कॉर्डसाठी बोटांची ठेवण; बारे म्हणजे एका बोटाने अनेक तारा एकदम दाबणं; टेक म्हणजे रेकॉर्डिंगचा एक प्रयत्न):

'कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, आकार जीचे. गाणं तीन आठवडे म्हणते आहे, हा चौथा टेक. १:१२ ला एफ बारे घेताना गाणंही थांबतं असं मला वाटतं. हात अडतो म्हणून आवाज अडतो, की श्वास संपतो म्हणून? दुसऱ्या अंतऱ्यात शब्द चुकलाय, तो माहीत आहे. गिटारचा आवाज कसा आला याबद्दल आत्ता नको.'

ही चिठ्ठी वाचली की मी सरळ १:०० वर जाते आणि तो भाग पाच वेळा ऐकते. तिथे एकदा असंच झालं: हात वेळेवर पोचत होता, पण बारे दाबायच्या आधी ती व्यक्ती दम रोखत होती. अंगठ्यात ताण आला की श्वास थांबतो, आणि पुढचा शब्द अर्ध्या श्वासावर निघतो. हे तिला कळलं ते जागा नेमकी सांगितल्यामुळे.

आणखी एक. जी चूक तुम्हाला आधीच माहीत आहे ती लिहून टाका, म्हणजे उत्तरातली जागा तिच्यावर खर्च होत नाही. 'माझा आवाज काही चांगला नाही' असं मात्र लिहू नका. मग समोरचा धीर देत बसतो आणि गाण्याबद्दल बोलणं राहून जातं. गाणी एका वेळी एकच पाठवा.

९. पाठवण्याआधी रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), ऑटो-ट्यून (सूर आपोआप सरळ करणारं तंत्र) किंवा थोडं एडिटिंग केलं तर चालेल?

पुढची-मागची शांतता कापा, आवाजाची पातळी वाढवा. त्यापलीकडे काही नको. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आलं आणि आज तसलं तंत्र फोनवरही मिळतं. काही गाण्याच्या अ‍ॅपमध्ये ते आपोआप चालू असतं, तेव्हा तपासून घ्या. सूर सरळ केलेला असला की तुमचा सूर कुठून कसा चढला, मींड (एका सुरातून दुसऱ्यात सरकणं) कुठे सुटली हे कळायची वाट बंद होते. तुकडे जोडून केलेला टेकही नको. जोडावर श्वास नाहीसा होतो, आणि मी मात्र 'दम उत्तम आहे' असं लिहून बसते.

स्वतःच्या आनंदासाठी सजवलेलं वेगळं ठेवा, जरूर ठेवा.

१०. कराओके ट्रॅकवर गायलं तर?

चालेल. ट्रॅक हेडफोनमध्ये ऐका, म्हणजे फोनमध्ये फक्त तुमचा आवाज येईल, आणि मला नुसता आवाज आणि ट्रॅकसकट अशा दोन्ही फाइली पाठवा. हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तुम्ही ऐकलेल्या ठेक्यावर अचूक गाता आणि जोडल्यावर पूर्ण गाणं मागे पडलेलं दिसतं. 'तुम्ही समेवर उशिरा येता' असं कुणी सांगितलं असेल आणि हेडफोन ब्लूटूथचे असतील, तर आधी ते बदलून बघा.

११. आवाज आणि गिटार वेगवेगळे रेकॉर्ड करू का?

गाता-वाजवता एकत्र जमतं का हे विचारायचं असेल तर अजिबात नको. नुसत्या गाण्याबद्दल विचारायचं असेल तर करा: आधी चार ठोके मोजून गिटार, मग वायरच्या हेडफोनवर गाणं. दोन माइक एकाच वेळी लावणार असाल तर दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि त्याच्यासमोरचा गळा किंवा गिटार यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. नाहीतर एकच आवाज दोन्हींत किंचित मागेपुढे पोचतो आणि जोडल्यावर पोकळ वाटतो.

१२. ट्यूनर सगळ्या तारा बरोबर दाखवतो, तरी बेसूर ऐकू येतं असं सांगतात. कसं काय?

कारणं बरीच, आणि सोपं आधी तपासावं. ट्यूनरवर ए हा आधाराचा सूर ४४० हर्ट्झलाच आहे ना पाहा. बोट लागून तो आकडा सरकतो. कॅपो लावल्यावर पुन्हा सूर मिळवा, कारण कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात. डावा हात गरजेपेक्षा जोराने दाबत असेल तरी सूर चढतो. आणि तारा जुन्या असतील तर घाम-मळ त्यांच्यावर सारखा बसत नाही, त्यामुळे मोकळी तार सुरात आणि पाचव्या फ्रेटवर कणसूर असं होतं.

हे सगळं ठीक असूनही गळा आणि गिटार एकमेकांना खात असतील तर पुढचं वाचा. तंबोऱ्यावर तयार झालेल्या गळ्यांना हे हमखास होतं. षड्जाशी (सा) पूर्ण जुळणारा शुद्ध गंधार (ग) ५:४ या प्रमाणात येतो. गिटारच्या फ्रेटवरचा गंधार समान वाटणीचा असतो. एका अर्धस्वराचे १०० भाग धरले तर तो त्या शुद्ध गंधारापेक्षा जवळपास १४ भाग चढा असतो. म्हणजे सी मेजर कॉर्ड वाजते, तुम्ही गंधारावर थांबता, तुमचा कान तुम्हाला खरी जागा देतो आणि गिटार शेजारीच दुसरी जागा धरते. दोघंही आपापल्या जागी बरोबर. अशा लांब सुराखाली मी कॉर्डमधला गंधार काढून फक्त षड्ज-पंचम वाजवायला सांगते. गळा वाकवण्यापेक्षा ते बरं. तुम्ही तंबोऱ्यावर शिकला असाल तर चिठ्ठीत तेही लिहा. नाहीतर ट्यूनर बघून अभिप्राय देणारा तुम्हाला उगीच उतरलेले म्हणेल.

१३. मूळ गाण्याच्या पट्टीतच गायला हवं का?

नाही. गाण्यातला सर्वांत वरचा सूर शोधा आणि तो सकाळी, गळा न तापवता, आरामात लागेल अशी पट्टी घ्या. कॅपोचा प्रत्येक फ्रेट एक अर्धस्वर वर नेतो. खाली तो नेत नाही, तिथे आकार बदलावे लागतात. सीमधलं गाणं तीन अर्धस्वर उतरवून एवर आणायचं असेल तर जीचे आकार धरा आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा.

१४. एक म्हणतो लय धावते, दुसरा म्हणतो रेंगाळते. कुणाचं ऐकू?

लय मोजता येते, तेव्हा मत बाजूला ठेवून मोजा. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) रेकॉर्डिंगच्या सुरुवातीशी जुळवा आणि गाणं त्याच्यापासून कुठे सुटतं ते लिहा. बऱ्याचदा दोघंही खरे निघतात: ध्रुवपदात उत्साहाने धावलेले असता आणि अंतऱ्यात कॉर्ड अवघड म्हणून मागे पडलेले. सुराबाबतही असंच तपासता येतं. भाव, शब्दांची फेक, हरकत (सुरांची छोटी सजावट) असावी की नसावी हे मात्र आवडीचं क्षेत्र आहे. तिथे ज्याचं गाणं तुम्हाला आवडतं त्याचं मत जास्त धरा.

१५. अभिप्राय वाचून इतकं लागलं की महिनाभर गिटारला हात लावला नाही. आता?

गाणं आपल्या शरीरातून निघतं, म्हणून त्यावरचा शब्द शरीरालाच लागतो. तुमचं काही चुकलेलं नाही. सुरुवातीच्या काळात मी एका व्यक्तीला अकरा दोष क्रमाने लिहून पाठवले होते. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. तिचं पुन्हा रेकॉर्डिंग आलं नाही. त्यानंतर मी एका वेळी दोनच गोष्टी लिहिते आणि पहिली नेहमी जे जमलंय त्याबद्दल असते, सेकंदासकट.

तुम्ही तो अभिप्राय आता पुन्हा उघडा आणि त्यातली एकच ओळ निवडा, आठ दिवसांत हाताने किंवा गळ्याने करून बघता येईल अशी. 'कॉर्ड बदलताना चौथं बोट लवकर उचलता' हे करता येतं. 'गाण्यात जान नाही' हे करता येत नाही, म्हणून ते सोडून द्या. पुढच्या वेळी चिठ्ठीत 'फक्त दोन मुद्दे सांगा' असं लिहायला संकोच करू नका.

१६. दुसऱ्याचं गाणं गाऊन पाठवलं तर हक्कांचा प्रश्न येतो का?

एका जाणकाराला ऐकायला पाठवणं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खुलं ठेवणार असाल तर लक्षात घ्या की शब्द, चाल आणि मूळ ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. तुम्ही स्वतः गायलात म्हणून शब्द आणि चाल तुमची होत नाही, आणि तयार बॅकिंग ट्रॅकचा हक्क आणखी तिसऱ्याचा असतो. 'जुनं गाणं आहे' एवढंही पुरत नाही. १८८६ च्या बर्न कराराप्रमाणे आज किमान मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची आहे आणि अनेक देशांत त्याहून मोठी आहे.

१७. मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याचं रेकॉर्डिंग मी पाठवू का?

आधी त्याला विचारा. त्याला नको असेल तर नको. हो म्हणाला तर फक्त आवाज पाठवा, व्हिडिओ नको, फाइलमध्ये नाव नको, आणि अभिप्राय तुमच्या पत्त्यावर मागवून त्याच्यासोबत वाचा.

या वयात मुलाचा आवाज बदलतो, साधारण एक सप्तक खाली उतरतो आणि मधल्या काळात कुठेही फुटतो. परवापर्यंत लागणारा सूर आज लागत नाही तेव्हा मूल घाबरतं. अभिप्राय मागताना आवाज बदलतोय हे नक्की लिहा. पट्टी खाली घ्या (प्रश्न १३), वरच्या सुरासाठी जोर लावू देऊ नका. या दिवसांत गिटारवर भर दिला तर हातात काहीतरी वाढत असल्याचं समाधान त्याला मिळतं.

१८. सुधारून तेच गाणं पुन्हा कधी पाठवू?

दोन-तीन आठवड्यांनी, आणि आधीच्या अभिप्रायातला मुद्दा वर लिहून. तीच खोली, तीच चिकटपट्टीची खूण, तेच अ‍ॅप, तीच पट्टी ठेवा. एकदा नवा माइक घेऊन पाठवलेलं रेकॉर्डिंग मला किती सुधारलेलं वाटलं होतं. दोन्ही फाइली समान पातळीवर आणून ऐकल्या तेव्हा अंतऱ्यातला श्वास होता तिथेच तुटत होता. जोरात वाजणारं रेकॉर्डिंग कानाला आपोआप चांगलं वाटतं, म्हणून तुलना करण्याआधी आवाज सारखा करून घ्या.

जुनी फाइल पुसू नका. नावात तारीख घाला आणि ठेवून द्या.